सीव्हीच्या आधी कोरा कागद: इंदुरातल्या एका भरती सल्लागार ताईंच्या कामाबद्दल

ज्यांच्या कंपनीत दहा-पंधरा इंजिनिअर झाले आहेत, सगळे अजून थेट संस्थापकांनाच रिपोर्ट करतात आणि आता 'एखादा मॅनेजर आणू या' असं बोलणं सुरू झालंय, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. आमचा पहिला इंजिनिअरिंग मॅनेजर आम्ही इंदूरच्याच एका भरती सल्लागार बाईंच्या मदतीने नेमला. त्या एकट्याने काम करतात, जाहिरात करत नाहीत आणि नाव कुठे टाकू नकोस असं त्यांनी सांगितलंय, म्हणून इथे त्यांना नुसतं ताई म्हणते. विजयनगरकडे त्यांचं दोन खोल्यांचं ऑफिस आहे. एका आयटी कंपनीच्या एचआरमध्ये बरीच वर्षं काढल्यावर त्यांनी हे स्वतःचं काम सुरू केलं. मला त्यांचा पत्ता 'सानंद' या इथल्या मराठी सांस्कृतिक संस्थेच्या एका नाट्यप्रयोगाच्या मध्यंतरात मिळाला, एका ओळखीच्या काकांकडून. इंदुरात मराठी माणसांची निम्मी कामं तिथेच होतात.

माझं मत आधीच सांगून टाकते. फी जास्त आहे, वेळ खूप लागतो, आणि पुन्हा अशी नेमणूक करायची झाली तर मी त्यांच्याकडेच जाईन.

आम्ही औषधांच्या घाऊक व्यापाऱ्यांसाठी सॉफ्टवेअर बनवतो. बॅच नंबर, एक्सपायरी, स्कीमचा माल, परतीचा माल, बिलं, जीएसटी. सुरुवात दवाबाजारातल्या ओळखीच्या दुकानांपासून झाली, आता मध्य प्रदेशाबाहेरही ग्राहक आहेत. तांत्रिक बाजू माझा भागीदार बघतो, व्यवसाय आणि माणसं मी बघते. सात-आठ जण होते तोवर हे छान चाललं. सतरा इंजिनिअर झाल्यावर दिवसातला बराच वेळ सगळे भागीदाराची वाट बघत बसायचे. प्रत्येक पुल रिक्वेस्ट, म्हणजे कोडमधला तपासायला पाठवलेला बदल, त्याच्या नजरेखालून जायची, सुट्टी त्यालाच विचारायची, दोघांचं पटेना तरी त्याच्याच टेबलाशी यायचं.

मॅनेजर हवा हे आमच्या मनात पक्कं झालं ते मागच्या वर्षीच्या जीएसटी बदलाच्या वेळी. ३ सप्टेंबर २०२५ला जीएसटी कौन्सिलचा निर्णय जाहीर झाला: बहुतेक औषधांवरचा दर १२ टक्क्यांवरून ५ टक्के, काही जीवरक्षक औषधांवर शून्य, आणि अंमलबजावणी २२ सप्टेंबरपासून. त्या दिवशी घटस्थापना होती. मधल्या दिवसांत आम्हाला हजारो औषधांचे दर बदलायचे होते, जुन्या छापील किमतीचा माल सुधारित दरपत्रकाने कसा विकायचा ते सॉफ्टवेअरमध्ये बसवायचं होतं आणि आधीच्या दराने विकलेला माल परत आला तर त्याची क्रेडिट नोट, म्हणजे परतीच्या मालाची रक्कम वजा करणारी नोंद, कुठल्या दराने काढायची तेही ठरवायचं होतं. काम वेळेत झालं आणि मला टीमचा फार अभिमान वाटला. पण ते झालं दोन-तीन मुलांच्या जागरणांवर. कोणाला घरी पाठवायचं, कोणतं काम पुढे ढकलायचं, व्यापाऱ्यांचे फोन कोणी घ्यायचे हे ठरवणारं कोणी नव्हतं, कारण भागीदार स्वतः क्रेडिट नोटच्या कोडमध्ये बुडालेला होता. दिवाळीनंतर त्या मुलांपैकी एकाने राजीनामा दिला.

त्यानंतर आधी एका मोठ्या शहरातल्या प्लेसमेंट एजन्सीकडे गेलो. त्यांनी आठवडाभरात सीव्हींचा गठ्ठा पाठवला. ज्यांच्या पदात 'मॅनेजर' हा शब्द होता ते सगळे त्यात होते. बरेचसे सर्व्हिस कंपन्यांतले डिलिव्हरी मॅनेजर होते. त्यांचं काम ग्राहकाला तारखा सांगणं, माणसांचे तास बिलात लावणं, दर आठवड्याला अहवाल देणं. त्या जागी ते काम महत्त्वाचं असतं, त्यातली माणसं हुशारही होती. पण आमच्याकडे बाहेरचा ग्राहक तास मोजत नाही. इथे काय बनवायचं आणि काय नाही यावर रोज आपसातच ओढाताण चालते. हा फरक एजन्सीला शेवटपर्यंत समजला नाही आणि आम्ही तिथून निघालो.

ताईंकडे पहिल्या भेटीला जाताना आम्ही छापील जॉब डिस्क्रिप्शन नेलं होतं. त्यांनी ते नीट वाचलं, बाजूला ठेवलं, भागीदाराला आतल्या खोलीत बसवलं, मला बाहेरच्या, आणि दोघांना एकेक कोरा कागद दिला.

"हा माणूस लागून सहा महिने झालेत असं समज. त्याचा सोमवार ते शुक्रवार कसा गेला ते लिही. आणि त्याच आठवड्यात तू स्वतः कोणतं काम केलं नाहीस, तेही खाली लिही."

भागीदाराच्या कागदावर होतं: डेटाबेसची फेरमांडणी, मोबाइल ॲप नव्याने लिहिणं, कोड रिव्ह्यू, आठवड्यातले दोन दिवस स्वतः कोडिंग. माझ्या कागदावर होतं: सुट्ट्यांचं नियोजन, अप्रेझल, नव्या मुलांच्या मुलाखती, सेल्सने परस्पर दिलेल्या तारखा सांभाळणं, नाराज माणसाशी बोलणं. ताईंनी दोन्ही कागद टेबलावर शेजारी ठेवले आणि भागीदाराला म्हणाल्या, "भैया, ये तो दो अलग आदमी हैं।" दुसऱ्या प्रश्नाखाली त्याची जागा पूर्ण कोरी होती. ताईंनी त्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं आणि तिथूनच पुढची सगळी चर्चा झाली.

माझ्या मते त्यांच्या सेवेचा निम्म्याहून जास्त भाग याच बैठकीत आणि त्यानंतरच्या दोन-तीन बैठकांत आहे. आपल्याकडच्या बहुतेक जाहिरातींत पहिल्या मॅनेजरच्या नावाखाली तीन पदं कोंबलेली असतात. कोडची रचना कशी असावी हे ठरवणारा टेक लीड. माणसं, वेग, भरती आणि नियोजन सांभाळणारा मॅनेजर. दोन-तीन वर्षांनी आपलं तंत्रज्ञान कुठे असावं याचा विचार करणारा सीटीओ. ताईंचं म्हणणं असं की अशा जाहिरातीला फक्त प्रत्येक गोष्टीला हो म्हणणारी माणसं उत्तर देतात. ज्याला स्वतःचं काम कळतं तो ती वाचूनच थांबतो, कारण संस्थापकांचंच ठरलेलं नाही हे त्याला दिसतं. आमच्याकडे टेक लीडचं काम करू शकतील अशा दोन व्यक्ती आधीच होत्या, सीटीओ भागीदार होता. उरलं ते मॅनेजरचं काम. ते लिहून काढल्यावर भागीदाराच्या यादीतला मोठा भाग आपोआप गळाला.

मग त्यांनी अधिकारांची यादी मागितली. पगारवाढ कोण ठरवणार? माणूस घेण्याचा शेवटचा शब्द कोणाचा? काढण्याचा कोणाचा? तयार नसलेलं रिलीज, म्हणजे सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती, कोण थांबवणार? सेल्सच्या तारखेला नाही कोण म्हणणार? प्रत्येकापुढे एकच नाव लिहायचं, 'दोघं मिळून' चालणार नाही. आमचं यावर दोन संध्याकाळ चांगलंच वाजलं. शेवटी पगारवाढीची एकूण रक्कम आमच्याकडे आणि ती कोणाला किती द्यायची हे मॅनेजरकडे. घेण्याचा निर्णय त्याचा. काढण्याचा आमच्याशी बोलून, पण त्याचाच. रिलीज आणि तारखा पूर्ण त्याच्या, असं ठरलं. हा कागद ताईंनी पुढे प्रत्येक उमेदवाराला पहिल्याच भेटीत दाखवला. मुलाखतीला आलेल्या एकाने मला नंतर सांगितलं की त्या कागदामुळेच तो दुसऱ्या फेरीला आला.

भागीदाराला आतून मॅनेजर हे पदच फारसं मान्य नव्हतं. चांगल्या इंजिनिअरला मॅनेजर लागत नाही, असं त्याचं म्हणणं. ताईंनी वाद घातला नाही, गूगलचं उदाहरण दिलं. २००२ साली लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन यांनी इंजिनिअरिंग मॅनेजरच काढून टाकून पाहिले होते. काही महिन्यांतच लोक खर्चाची बिलं आणि आपसातली भांडणं घेऊन थेट पेजकडे यायला लागले आणि तो प्रयोग गुंडाळावा लागला. पुढे २००९ साली त्याच कंपनीने 'प्रोजेक्ट ऑक्सिजन' नावाने चांगल्या मॅनेजरचा अभ्यास केला. त्यातून निघालेल्या आठ गुणांत पहिला गुण माणसाला घडवता येणं हा होता. तांत्रिक कौशल्य यादीत होतं, पण शेवटी. भागीदार हे ऐकून लगेच बदलला असं नाही, पण मुलाखतीत प्रत्येकाला अल्गोरिदम विचारायचा हट्ट त्याने सोडला.

सीव्ही दाखवण्याआधी ताई आमच्या ऑफिसात एक अख्खा दिवस बसल्या आणि इंजिनिअरांशी एकेकट्याने बोलल्या. आम्हाला नावं न सांगता त्यांनी सारांश दिला. मुलांना मॅनेजरची भीती एकाच कारणाने वाटत होती: आता कोडमधलं काही न कळणारा माणूस वर बसेल आणि दर तासाला स्टेटस विचारेल. आणि त्यांना हवं काय होतं? आपलं काम कसं चाललंय हे वर्षातून एकदा नव्हे, वेळच्या वेळी कोणीतरी सांगावं. हे आम्हाला मुलांनी कधी थेट सांगितलं नसतं.

त्याच दिवशी त्यांनी आमच्या सर्वांत जुन्या इंजिनिअर मुलीशी जरा जास्त वेळ बोलून घेतलं. बाहेर शोधण्याआधी आतला माणूस बघायचा, असा त्यांचा नियम आहे. ती तयार झाली असती तर ताईंना फीचा फक्त पहिला हप्ता मिळाला असता, पुढचे दोन बुडाले असते. तरी त्यांनी तिला मनापासून विचारलं. तिला मॅनेजर व्हायचं नव्हतं, कोडमध्येच वर जायचं होतं. मग ताईंनीच आम्हाला सांगितलं की तिच्या पदाचं आणि पगाराचं मॅनेजर येण्याआधी ठरवून टाका, नाहीतर नवा माणूस आल्यावर तिला डावलल्यासारखं वाटेल. आम्ही तिला प्रिन्सिपल इंजिनिअर केलं. या सल्ल्याचे त्यांनी वेगळे पैसे लावले नाहीत. मला तो त्यांच्या सगळ्या कामात सर्वांत मोलाचा वाटतो.

आता शोधाबद्दल. ताईंनी फार थोडे सीव्ही पाठवले, पण प्रत्येकाबरोबर दोन-तीन पानांची टिपणं होती: माणूस आत्ता कुठे आहे, का हलतोय, त्याच्या हाताखाली किती जण आहेत, त्यातले किती त्याने स्वतः घेतले, घरी कोण आहे, इंदूर का. या शेवटच्या प्रश्नावर त्यांचा फार भर असतो आणि तो बरोबर आहे. इम्पेटस, यश टेक्नॉलॉजीज, इन्फोबीन्स यांसारख्या कंपन्यांमुळे इंदुरात वर्षानुवर्षं इंजिनिअर तयार होत आलेत, सुपर कॉरिडॉरवर टीसीएस आणि इन्फोसिस आल्या, एसजीएसआयटीएस हे इंजिनिअरिंग कॉलेज १९५२ पासून आहे. पण स्वतःचं सॉफ्टवेअर उत्पादन बनवणाऱ्या कंपनीत पाच-सात वर्षं टीम चालवलेली माणसं इथे अजून कमी मिळतात. ती पुण्यात, बंगळुरूत, हैदराबादेत आहेत, आणि त्यांतली बरीच मूळची आपलीच आहेत. आई-वडील सुदामानगर, तिलकनगर, लोकमान्यनगरात, मुलं शाळेच्या वयाला आलेली, परत यावंसं वाटतंय पण इथे काम मिळेल का ही धास्ती. ताईंची वही अशाच माणसांनी भरलेली आहे. लग्न-मुंजीत भेटलेली सुद्धा कित्येक नावं त्या वहीत असतात.

पगारावर त्या ठाम आहेत. इंदुरात घरभाडं कमी, म्हणून पुण्याच्या पगारातून तीस टक्के कापू या, असं आम्ही सुचवून पाहिलं. ताई म्हणाल्या, "तो घरून काम करून पुण्याचा पगार सुदामानगरात बसून घेऊ शकतो गं. तू त्याच्याशी स्पर्धा करते आहेस." त्यांच्या टिपणात प्रत्येकाचा स्थिर पगार आणि बदलता पगार वेगळा मांडलेला असतो. सीटीसीच्या, म्हणजे सगळं धरून सांगितलेल्या वार्षिक पॅकेजच्या, फुगवलेल्या आकड्याने आमची एकदाही फसगत झाली नाही.

मुलाखतींची पद्धत त्यांनीच बसवून दिली. सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने, आणि मुलाखत संपली की एकमेकांशी बोलण्याआधी प्रत्येकाने आपले गुण आणि त्यामागचं कारण लिहायचं. अशा ठरलेल्या साच्याच्या मुलाखती मोकळ्या गप्पांपेक्षा माणूस जास्त नेमका ओळखतात हे भरतीवरच्या संशोधनात वारंवार दिसलंय, पण छोट्या कंपन्यांत हे कोणी करताना मी पाहिलं नव्हतं. भागीदाराला पहिल्या दहा मिनिटांत माणूस आवडतो किंवा नावडतो. लिहिण्याच्या शिस्तीमुळे त्याला स्वतःच्याच आवडीमागचं कारण शोधावं लागलं.

मुख्य फेरी मला फार आवडली. ताईंनी आमच्या जीएसटी बदलाचीच केस बनवली. ३ सप्टेंबरला निर्णय झालाय, २२ला लागू होणार आहे, टीममध्ये इतके लोक, त्यांपैकी एकाच्या बहिणीचं लग्न, एकजण नवीन, आणि सेल्सने याच काळात एका मोठ्या ग्राहकाला नवा रिपोर्ट कबूल केलाय. आता सांगा, उद्या सकाळी काय कराल? एका उमेदवाराने फळ्यावर अतिशय सुंदर आर्किटेक्चर काढलं. बहिणीच्या लग्नाचा मुद्दा त्याच्या उत्तरात आलाच नाही. दुसऱ्याने आधी विचारलं की क्रेडिट नोटचा नियम कोणाला नीट माहीत आहे. तो एकाच माणसाला माहीत असेल तर सगळ्यांत आधी त्याच्या शेजारी दुसरा बसवायचा, सेल्सच्या रिपोर्टची तारीख त्याच दिवशी फोन करून पुढे न्यायची आणि शेवटचे तीन दिवस नवं काही लिहायचं नाही, फक्त तपासायचं. लग्नाला जाणाऱ्याची सुट्टी त्याने पहिल्या पाच मिनिटांतच मंजूर करून टाकली होती. हाच आज आमचा मॅनेजर आहे.

त्यानंतर आमच्या एका खऱ्या इंजिनिअरबरोबर अर्ध्या तासाचं एकास एक बोलणं. इंजिनिअरने मांडायची अडचण ठरलेली: गेले दोन महिने कामात मन लागत नाही. आम्ही दोघं त्या खोलीत नव्हतो. बाहेर आल्यावर इंजिनिअरने एकच गोष्ट सांगायची, या माणसाकडे पुन्हा स्वतःहून बोलायला जाशील का. कोडची परीक्षा म्हणजे आमचीच एक जुनी पुल रिक्वेस्ट वाचून शेरे लिहायचे. त्यातून मुलांची 'कोड न कळणारा साहेब' ही भीतीही गेली, कारण शेरे त्यांनीच तपासले.

चौकशी, म्हणजे रेफरन्स, ताई स्वतः करतात आणि तिथे त्यांचा हात कोणी धरू शकणार नाही. उमेदवाराने दिलेल्या वरिष्ठांच्या नावांवर त्या थांबत नाहीत. त्याच्या हाताखाली पूर्वी काम केलेले, आता दुसरीकडे असलेले किमान दोघं हवेत, आणि त्यांतला एक त्याच्या टीममधून सोडून गेलेला. सध्याच्या कंपनीत त्या कधीच फोन करत नाहीत, उमेदवाराची नोकरी त्यात जाऊ शकते. त्यांचा प्रश्न साधा असतो: तुमचं काम खराब झालं होतं तेव्हा त्यांनी तुम्हाला ते कसं सांगितलं? आमच्या निवडलेल्या माणसाबद्दल एकाने सांगितलं की तो कडू गोष्ट सांगायला उशीर करतो, आधी स्वतः निस्तरायला बघतो. ताईंनी हे आमच्यापासून लपवलं नाही, त्याच्यापासूनही नाही. ऑफर देण्याआधी त्याच्याशी मोकळेपणाने बोलल्या. तो म्हणाला, खरं आहे, त्यावर मी काम करतोय.

ऑफर स्वीकारल्यानंतरचे तीन महिने नोटिस पीरियडचे होते. आपल्याकडे सीनियर माणूस घेताना खरी जोखीम इथे असते. तो राजीनामा देतो, कंपनी पगार वाढवते, दुसऱ्या दोन ऑफर येतात, आणि ठरलेल्या सोमवारी फोन बंद. ताई दर पंधरवड्याला त्याच्याशी बोलत होत्या, मुलीच्या शाळेचा प्रवेश कुठे घ्यायचा इथपासून. आम्हालाही त्यांनी कामाला लावलं: महिन्यातून एकदा व्हिडिओवर टीमशी गप्पा, आणि तो इंदूरला घरी आला की ऑफिसात जेवण. तो आला.

पहिले नव्वद दिवस हाही त्यांच्या सेवेचा भाग आहे. महिन्याला एक बैठक त्याच्याशी, एक आमच्याशी. पहिल्या महिन्यात त्याने काहीही बदललं नाही, फक्त प्रत्येकाशी बोलला. दुसऱ्या महिन्यात आणीबाणीचे फोन घेण्याची पाळी लावली आणि ज्याची पाळी झाली त्याला दुसऱ्या दिवशी उशिरा यायची मुभा दिली. मग सेल्सने एका व्यापाऱ्याला कबूल केलेल्या एक्सपायरी रिपोर्टच्या तारखेला तो सरळ नाही म्हणाला. भागीदार त्याला वगळून थेट मुलांशी बोलायला निघाला होता. त्या आठवड्याच्या बैठकीत ताईंनी आमचाच अधिकारांचा कागद पुढे ठेवला, त्यावर भागीदाराची सही होती. रिपोर्ट उशिरा गेला, नीट गेला, व्यापारी अजून आमच्याकडे आहे. भागीदार आता खरोखर सीटीओचं काम करतो आणि गेले काही आठवडे डेटाबेसच्या फेरमांडणीवर बसलाय, जी त्याला इतक्या दिवसांपासून करायची होती.

आता उणिवा. वेळ फार लागतो. पहिल्या भेटीपासून माणूस खुर्चीत बसेपर्यंत अर्ध्या वर्षाहून जास्त गेला, नोटिस पीरियड धरून. ज्यांना महिन्याभरात माणूस हवाय त्यांनी जाऊ नये. ईसॉपबद्दल, म्हणजे कर्मचाऱ्याला ठरलेल्या किमतीला कंपनीचे शेअर घेण्याच्या हक्काबद्दल (ऑप्शन), ताईंना जवळजवळ काहीच सांगता येत नाही आणि पहिल्या मॅनेजरच्या ऑफरमध्ये तो मोठा भाग असतो. ऑप्शन दिल्यापासून किमान एक वर्षाआधी ते व्हेस्ट, म्हणजे वापरण्याजोगे, होऊ शकत नाहीत, शेअर घेताना त्या दिवशीची किंमत आणि आपण भरलेली किंमत यांतल्या फरकावर पगारासारखा कर लागतो, विकताना पुन्हा भांडवली नफ्याचा कर, हे सगळं आमच्या सीएंनी उमेदवाराला बसून समजावलं. तुमच्याकडे असा सीए नसेल तर ऑफरच्या टप्प्यावर अडकाल.

दुसरी गोष्ट मी त्यांना तोंडावर सांगितली आहे. आमच्या यादीत एकच बाई उमेदवार होती. वही जर ओळखीतून आणि लग्न-मुंजीतून भरत असेल, तर करिअरमध्ये मध्ये थांबून परत आलेल्या बायका त्यात कमी येणार. त्यांनी ते ऐकून घेतलं. पुढच्या वेळी मी यादी हातात घेताना हेच आधी बघेन. शिवाय पूर्ण घरून काम करणारा मॅनेजर हवा असेल तर त्या काम घेत नाहीत. त्यांचं सगळं इंदूरला येऊन राहणाऱ्या माणसावर बेतलेलं आहे.

फीचं सांगते, कारण त्याबद्दल कोणी उघड बोलत नाही. साधारण भरतीला इथली रीत वार्षिक पगाराच्या ८.३३ टक्के, म्हणजे एका महिन्याचा पगार. ताई दोन महिन्यांचा घेतात, वर १८ टक्के जीएसटी. समजा पगार ३६ लाख, तर फी ६ लाख आणि जीएसटी १ लाख ८ हजार. तो कर तुमच्या इनपुट क्रेडिटमध्ये येतो, म्हणजे पुढे तुम्हाला भरायच्या जीएसटीतून वजा होतो, पण आधी खिशातून जातो. फी फक्त स्थिर पगारावर मोजतात, ईसॉप आणि बोनस त्यात धरत नाहीत. तीन हप्ते: सुरुवातीला, ऑफर स्वीकारल्यावर, आणि माणूस रुजू झाल्यावर. पहिला हप्ता कोणत्याही परिस्थितीत परत मिळत नाही. माणूस सहा महिन्यांत सोडून गेला तर एकदा फुकट शोध करून देतात, पण अधिकारांचा कागद आपण पाळला असेल तरच. ही अट करारात लिहिलेली आहे, वाचून सही करा.

सात-आठ इंजिनिअरांच्या कंपनीने एवढा खर्च करू नये. एखाद्या अनुभवी इंजिनिअरला लीड करा, काम चालेल. सीटीओ शोधत असाल तर त्या स्वतःच तुम्हाला दुसरीकडे पाठवतील. बारा ते पंचवीसच्या मधली टीम, ऑफिस इंदुरात, आणि दोन्ही संस्थापक तीन-चार संध्याकाळ त्यांच्यासमोर बसायला तयार, असं असेल तर जरूर जा. एकच संस्थापक जाणार असेल तर त्या पहिली बैठकच घेत नाहीत. शनिवार-रविवारी भेट मागू नका, देणार नाहीत. आणि जॉब डिस्क्रिप्शन नेण्याऐवजी गेल्या तीन महिन्यांचं दोघांचं कॅलेंडर छापून न्या, त्या ते मागतातच.